जलद ऑनलाइन बुद्धिबळ आणि अनुभवी खेळाडूचा कौशल्यविकास : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

प्रस्तावना

बुद्धिबळाचा इतिहास हा प्रामुख्याने लिहून ठेवलेल्या डावांचा इतिहास आहे. ज्या डावाच्या चाली कागदावर उतरल्या, तो डाव टिकला. त्याचे परीक्षण झाले आणि पुढील पिढ्यांनी त्यापासून शिक्षण घेतले. ज्या डावाची नोंद झाली नाही, तो खेळणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या स्मरणाबरोबरच संपला. पाच-दहा मिनिटांत संपणारा जलद डाव दीर्घकाळ या दुसऱ्या वर्गात मोडत होता. तो खेळला गेला, रंगला, आणि विरून गेला. म्हणूनच ‘जलद डाव ही करमणूक, संथ डाव ही साधना’ अशी समजूत खेळाडूंमध्ये व प्रशिक्षकांमध्ये दृढ झालेली दिसते.

इंटरनेटमुळे या परिस्थितीत मूलभूत बदल घडून आला. ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या प्रत्येक डावाची प्रत्येक चाल आणि त्या चालीसाठी खर्च झालेला वेळ, या दोहोंची नोंद आपोआप राहू लागली. या बदलाचा सर्वाधिक संबंध नवशिक्या खेळाडूपेक्षा अनुभवी खेळाडूशी येतो. ज्याचे ज्ञान बऱ्याच अंशी तयार आहे, ज्याच्या सवयी पक्क्या झाल्या आहेत, परंतु ज्याच्याजवळ दीर्घ डावासाठी सलग पाच तास उरलेले नाहीत, असा हा खेळाडू होय. त्याला जलद खेळात खरोखर प्रगती करता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या मार्गाने, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात, जेथे माणसाचा दिवस पाळीच्या घड्याळाने बांधलेला असतो, तेथे हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो. त्याचा विचार महाराष्ट्रातील बुद्धिबळ परंपरा, घड्याळाचा इतिहास आणि २०२० नंतरच्या घटना यांच्या आधारे येथे केला आहे.

१. संज्ञांचे स्पष्टीकरण

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजेच फिडेच्या, नियमांनुसार प्रत्येक खेळाडूस १० मिनिटांहून अधिक परंतु ६० मिनिटांहून कमी वेळ असलेला डाव जलद, तर १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळेचा डाव अतिजलद मानला जातो. इंग्रजीतील रॅपिड व ब्लिट्झ या संज्ञाही मराठी खेळाडूंच्या बोलण्यात रूढ आहेत. एक-दोन मिनिटांच्या डावास ‘बुलेट’ म्हणतात. प्रत्येक चालीनंतर घड्याळात काही सेकंदांची भर पडण्याची पद्धतही सर्वत्र प्रचलित आहे. ‘३ अधिक २’ याचा अर्थ मूळ तीन मिनिटे व प्रत्येक चालीमागे दोन सेकंद वाढीव.

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. चाळीस चालींचा डाव गृहीत धरल्यास ३ मिनिटांच्या डावात प्रत्येक चालीस सरासरी ४.५ सेकंद मिळतात. ३ अधिक २ मध्ये ६.५ सेकंद, १५ अधिक १० मध्ये ३२.५ सेकंद. पहिल्या चाळीस चालींसाठी ९० मिनिटे व प्रत्येक चालीमागे ३० सेकंद दिले जातात, त्या प्रदीर्घ प्रकारात हीच सरासरी १६५ सेकंदांवर जाते. म्हणजे प्रदीर्घ डावाची सवय असलेला खेळाडू जेव्हा ३ अधिक २ च्या डावाकडे वळतो, तेव्हा त्याच्या हाती पूर्वीच्या वेळेचा जेमतेम पंचविसावा भाग उरतो. नियम तेच, मोहरे तेच. बदलतो तो निर्णयाचा व्यवहार.

२. नोंदीची जुनी परंपरा

बुद्धिबळाचे ज्ञान नोंदीच्या रूपाने जपण्याची परंपरा या भूप्रदेशात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना चतुरंगाच्या खेळाचेही विवेचन आले आहे. १८१४ मध्ये मुंबई येथे त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळविषयक ग्रंथ इंग्रजी भाषांतररूपाने प्रसिद्ध झाला. मूळ संस्कृतात रचलेल्या या ग्रंथाचा मुख्य भाग पटावरील निवडक स्थितींचा, म्हणजे कूटप्रश्नांचा आहे. शिकणाऱ्याने विशिष्ट स्थिती पाहावी, तीवरील उत्तर शोधावे आणि ती स्मरणात ठेवावी, ही अध्यापनाची रीत त्यातून दिसून येते. पुढे ज्या स्थितिज्ञानाची चर्चा करावयाची आहे, त्याचे बीज या रीतीत आहे.

दूर अंतरावरून खेळण्याची कल्पनाही इंटरनेटच्या फार पूर्वीची आहे. १८२४ ते १८२८ या काळात लंडन व एडिंबरो या शहरांत पत्राद्वारे सामना झाला. भारतात १८२८ मध्ये मद्रास व हैदराबाद यांच्यात असाच सामना खेळला गेला आणि १८२९ मध्ये त्याचे डाव विवेचनासह प्रसिद्ध झाले. दूरस्थ डावात चाल लिहूनच पाठवावी लागत असल्यामुळे नोंद अपरिहार्य होती. परंतु तो डाव अत्यंत संथ होता. दूरस्थता, नोंद आणि वेग ही तिन्ही वैशिष्ट्ये एकत्र येण्यासाठी आणखी सुमारे पावणेदोन शतके जावी लागली.

दरम्यान भारतीय पद्धतीच्या खेळाची जागा आंतरराष्ट्रीय नियमांनी घेतली. जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीसही एकच घर पुढे जात असे, त्यामुळे डाव सावकाश उलगडत असे. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. १९७४ मध्ये बंगळूर येथील पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेचे विजेतेपद वासंती खाडिलकर यांनी मिळविले. त्यांच्या भगिनी रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई महिला विजेत्या झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये, तर पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले. या पिढीचे शिक्षण प्रामुख्याने पुस्तके, मासिके आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील डावपत्रके यांवर झाले. डाव संपल्यावर डावपत्रक समोर ठेवून चुका शोधणे हा तिचा नित्यक्रम होता. जलद डावाला मात्र हा नित्यक्रम लागू पडत नव्हता. फिडेच्या नियमांनीही जलद व अतिजलद डावात चाली लिहिण्याचे बंधन खेळाडूवर घातलेले नाही.

३. घड्याळाचा प्रवेश

बुद्धिबळात वेळेची मर्यादा ही एकोणिसाव्या शतकातील, म्हणजे यंत्रयुगातील घटना आहे. त्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यास कंटाळा येईपर्यंत विचार करीत बसणे हेदेखील एक शस्त्र होते. १८६१ मध्ये अँडरसन व कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे, एक थांबताच दुसरे सुरू होणारे घड्याळ आले. कारखान्यातील कामाचे तास, रेल्वेचे वेळापत्रक आणि बुद्धिबळाचे घड्याळ ही एकाच शतकाची अपत्ये आहेत, हे लक्षणीय होय.

पुढील महत्त्वाचा टप्पा बॉबी फिशर यांच्या वाढीव सेकंदांच्या घड्याळाचा. त्याचे एकस्व १९८९ मध्ये मंजूर झाले आणि १९९२ च्या फिशर-स्पास्की सामन्यात ते वापरले गेले. पूर्वी जिंकत आलेला डाव केवळ झेंडी पडल्यामुळे गमावण्याची आपत्ती वारंवार ओढवे. वाढीव सेकंदांमुळे ती काही प्रमाणात टळली. जलद खेळास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाल्याची अधिकृत खूण म्हणजे २०१२ पासून फिडेने जलद व अतिजलद प्रकारांसाठी सुरू केलेले स्वतंत्र गुणांकन. या निर्णयाने जलद खेळ हे वेगळे मोजता येण्याजोगे कौशल्य आहे, हे मान्य झाले.

४. संगणकाच्या जाळ्यावरील पट

१९९२ मध्ये ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ सुरू झाला. १९९५ मध्ये त्याचे व्यावसायिक रूप ‘इंटरनेट चेस क्लब’ अस्तित्वात आले आणि सशुल्क धोरणाला विरोध असलेल्यांनी त्याच वर्षी ‘फ्री इंटरनेट चेस सर्व्हर’ उभा केला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या काळच्या जोडणीत चाल पोहोचण्यास होणारा विलंब हा मोठा अडथळा होता. तीन मिनिटांच्या डावात प्रत्येक चालीमागे एक सेकंद वाटेतच गेला, तर चाळीस चालींत चाळीस सेकंद, म्हणजे एकूण वेळेच्या पाचव्या भागाहून अधिक वेळ विनाकारण नष्ट होतो. हा अन्याय दूर करण्यासाठी खेळाडूच्या स्वतःच्या संगणकावर प्रत्यक्ष खर्च झालेला वेळ मोजणारी प्रणाली वापरात आली. वेगवान खेळात न्याय्य मोजमाप हाच मुख्य प्रश्न आहे, याची जाणीव यातून प्रकट झाली.

२००७ मध्ये ‘चेस डॉट कॉम’ व २०१० मध्ये ‘लिचेस’ ही संकेतस्थळे आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात मोबाइलवरील इंटरनेट अत्यंत स्वस्त झाले आणि पट खिशात आला. डाव संपताच तो संगणकीय परीक्षणासह खेळाडूसमोर उलगडू लागला. जलद डाव प्रथमच अभ्यासाचा दस्तऐवज बनला.

५. औद्योगिक पट्टा आणि फावल्या वेळाचे स्वरूप

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक उद्योगाची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर भोसरी, पिंपरी, आकुर्डी, चिंचवड या परिसरात कारखानदारी वेगाने विस्तारली. टेल्को व बजाज ऑटो यांसारख्या मोठ्या उद्योगांभोवती सुट्या भागांचे असंख्य लघुउद्योग उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या विस्ताराचा ओघ चाकणकडे वळला. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथे सुरू झाले. शेतीच्या ऋतुचक्रावर चालणारी गावे अर्ध्या शतकात पाळीच्या घड्याळावर आली.

या परिवर्तनाचा परिणाम फावल्या वेळाच्या आकारावर झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम घेता येणार नाही व त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे ठरविले होते. प्रदीर्घ प्रकारच्या डावास पहिल्या चाळीस चालींसाठीच दोन्ही बाजू मिळून ३ तास ४० मिनिटे लागू शकतात. पाळीत काम करणाऱ्या माणसास आठवड्याच्या सुट्टीखेरीज इतका सलग वेळ मिळणे कठीण. याउलट ३ अधिक २ चा चाळीस चालींचा डाव नऊ मिनिटांच्या आत संपतो. कंपनीच्या बसमधील प्रवास, जेवणाच्या सुट्टीतील उरलेली दहा मिनिटे किंवा रात्रपाळीनंतर झोप लागण्यापूर्वीचा अर्धा तास यांत तो सामावतो. महाविद्यालयीन जीवनात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेला आणि नंतर अभियंता, तंत्रज्ञ वा निरीक्षक म्हणून या पट्ट्यात स्थिरावलेला खेळाडू जलद ऑनलाइन डावाकडे वळतो, त्यामागे आवडीइतकेच वेळेचे हे अर्थकारण आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद मात्र नोंदवावयास हवा. जुळणी साखळीवर प्रत्येक टप्प्यास ठरावीक व समान सेकंद दिलेले असतात. वेळेतील एकसारखेपणा हा तेथे गुण मानला जातो. जलद बुद्धिबळात वेळेची समान वाटणी हा दोष ठरतो. परिचित प्रारंभीच्या दहा चालींना एकेक सेकंद पुरतो, तर डावाचे भवितव्य ठरविणाऱ्या एखाद्या चालीस वीस सेकंद द्यावे लागतात. घड्याळ दोन्हीकडे सारखेच कठोर असले, तरी त्याच्याशी वागण्याची शिस्त भिन्न आहे.

६. सन २०२० : वेगवान डावाची कसोटी

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे जगभरातील प्रत्यक्ष स्पर्धा थांबल्या. एकातेरिनबर्ग येथे सुरू असलेली आव्हानवीरांची स्पर्धाही २६ मार्च रोजी अर्ध्यावर स्थगित झाली. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन डाव हेच बुद्धिबळाचे एकमेव चालते रूप उरले. त्या वर्षी फिडेने प्रथमच ऑनलाइन ऑलिंपियाड आयोजित केले. त्यासाठी १५ मिनिटे अधिक ५ सेकंद असा जलद प्रकार निवडण्यात आला. भारतीय संघाचे कर्णधारपद नाशिकच्या विदित गुजराथी याच्याकडे होते. विश्वनाथन आनंद, कोनेरू हंपी, पी. हरिकृष्ण व द्रोणवल्ली हरिका यांसारख्या अनुभवी खेळाडूंसमवेत नागपूरची दिव्या देशमुख व गोव्याची भक्ती कुलकर्णी यांचाही संघात समावेश होता. ज्येष्ठ व कनिष्ठ, पुरुष व महिला यांना एकाच संघात खेळविण्याची ही रचना विशेष होती.

स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूची जोडणी तुटल्यामुळे भारताविरुद्धचा त्याचा डाव गेला. आर्मेनियाचा आक्षेप फेटाळला गेला आणि त्या संघाने माघार घेतली. ३० ऑगस्ट रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत हेच संकट भारतावर ओढवले. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत जागतिक पातळीवरील इंटरनेट बिघाडामुळे निहाल सरीन व दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली व त्यांचा वेळ संपला. भारताने दाद मागितल्यानंतर फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले.

या दोन घटनांतील निर्णय भिन्न झाले, त्यावर मतभेदही झाले. इतिहासाच्या दृष्टीने त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जलद ऑनलाइन डावात खेळाडूच्या कौशल्याबरोबर जोडणी, वीज आणि यंत्र हेही पटावर उतरतात. त्यामुळे केवळ निकालावरून आपली प्रगती वा अधोगती ठरविणे हे या प्रकारात अधिकच फसवे ठरते. निकालापलीकडे जाऊन डाव पाहण्याची गरज येथूनच सिद्ध होते.

७. वेग, वय आणि अनुभव

वेगवान खेळ हा तरुणांचा प्रांत असून अनुभवी खेळाडूस त्यात उतरती कळाच लागते, असा एक समज आहे. त्याची तपासणी करताना दोन्ही बाजूंचे पुरावे विचारात घ्यावे लागतात. आनंद यांनी २०१७ मध्ये रियाध येथे जागतिक जलद अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्यांचे वय ४८ वर्षे होते. कोनेरू हंपी यांनी हेच महिला विजेतेपद २०१९ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, मिळविले. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये बातुमी येथील महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत हंपी व दिव्या देशमुख यांचे दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी जलद टायब्रेकमध्ये दुसरा डाव जिंकून एकोणीस वर्षांच्या दिव्याने विजेतेपद पटकाविले व त्याबरोबर तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. त्यापूर्वी जून महिन्यात लंडन येथील जागतिक सांघिक अतिजलद स्पर्धेत तिने माजी विश्वविजेती हौ यीफान हिला पराभूत केले होते. या उदाहरणांवरून वय हा एकमेव निर्णायक घटक मानता येत नाही. त्याचप्रमाणे अनुभव हे अभेद्य कवचही ठरत नाही.

मानसशास्त्रीय संशोधनाने या प्रश्नावर प्रकाश टाकला आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांच्या १९४६ मधील अभ्यासाचा धागा पुढे नेत चेस व सायमन यांनी १९७३ मध्ये असे दाखविले की, निष्णात खेळाडू पाच सेकंद पाहिलेली खरी स्थिती जवळपास अचूक मांडू शकतो. परंतु मोहरे यदृच्छया मांडले असता त्याचे हे श्रेष्ठत्व बहुतांशी नाहीसे होते. म्हणजे त्याचे बळ सामान्य स्मरणशक्तीत नसून ओळखीच्या रचनांच्या साठ्यात असते. ब्रूस बर्न्स यांनी २००४ मध्ये अतिजलद डावांच्या विश्लेषणातून असा निष्कर्ष काढला की, नेहमीच्या वेळेच्या ५ टक्क्यांहून कमी वेळेतील कामगिरीवरून खेळाडूंच्या गुणांकनातील ८१ टक्क्यांपर्यंतच्या तफावतीचा उलगडा होतो. याउलट शाब्री व हर्स्ट यांनी २००३ मध्ये ग्रँडमास्टरांच्या डावांची तुलना करून जलद डावांत गंभीर चुकांचे प्रमाण प्रदीर्घ डावांपेक्षा अधिक असते, हे दाखविले.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही. वेळ कमी झाल्यावर ओळख टिकते, पडताळणी घटते. अनुभवी खेळाडूजवळ ओळखीचा साठा मोठा असतो. त्याची अडचण अशी की, प्रत्येक ओळखलेली चाल पुन्हापुन्हा पडताळण्याची सवय त्याला जडलेली असते. तरुण खेळाडू चूक करून पुढे जातो. अनुभवी खेळाडू चूक टाळण्याच्या प्रयत्नात वेळ गमावतो आणि अखेरीस वेळेअभावी अधिक मोठी चूक करतो.

८. सुधारणेची रीत

उपरोक्त विवेचनावरून अनुभवी खेळाडूच्या कौशल्यविकासाची काही सूत्रे हाती येतात.

पहिले सूत्र वेळेच्या नोंदीचे. ऑनलाइन डावात प्रत्येक चालीस लागलेले सेकंद दिसतात. वीस-तीस डावांतील ज्या चालींना सर्वाधिक वेळ गेला, त्या बाजूला काढल्यास बहुधा एक आकृती दिसू लागते : कोणाचा वेळ प्रारंभीच्या पर्यायांत जातो, कोणाचा अदलाबदल करावी की नाही या संभ्रमात. ३ अधिक २ च्या डावात एका चालीवर घालविलेले चाळीस सेकंद म्हणजे इतर सहा चालींचा वेळ होय. तो खर्च सार्थ झाला काय, हे पाहणे म्हणजे आपल्या निर्णयपद्धतीचा हिशेब तपासणे.

दुसरे सूत्र प्रारंभाच्या मर्यादित निवडीचे. प्रदीर्घ डावात अनेक प्रारंभपद्धती जाणणे लाभदायक असते. जलद डावात पांढऱ्या व काळ्या बाजूने थोड्याच पद्धती, परंतु त्यांतून उद्भवणाऱ्या मध्यडावाच्या योजनांसह आत्मसात करणे अधिक फलदायी ठरते. चालींपेक्षा योजना पाठ असली, तर अनपेक्षित उत्तर आल्यावरही हात थांबत नाही.

तिसरे सूत्र अंतिम टप्प्याचे. हत्ती व प्याद्यांच्या मूलभूत स्थिती, राजा व प्याद्याचा विरोध यांसारखे ज्ञान असे पक्के असावे लागते की, दहा सेकंद उरले असतानाही ते आठवावे न लागता हाताशी यावे. त्रिवेंगडाचार्यांच्या ग्रंथातील स्थिती-अभ्यासाची रीत येथे आजही तितकीच उपयुक्त आहे. फरक एवढाच की, आता या स्थिती स्वतःच्या गमावलेल्या डावांतूनच निवडता येतात.

चौथे सूत्र परीक्षणाच्या क्रमाचे. डाव संपताच संगणकाचे उत्तर पाहिले, तर खेळाडूस योग्य चाल कळते, पण आपण ती का पाहू शकलो नाही हे कळत नाही. प्रथम स्वतः चूक शोधणे, तिचे कारण एका वाक्यात लिहिणे आणि त्यानंतर संगणकाचा कौल घेणे, हा क्रम जुन्या डावपत्रकाच्या शिस्तीशी नाते सांगतो. याच कारणाने सलग दहा डाव खेळण्यापेक्षा तीन डाव खेळून तिन्ही तपासणे अधिक हितकारक होय. अर्ध्या तासाच्या विश्रांतीत ३ अधिक २ चे दोन डाव व त्यांचे ओझरते परीक्षण बसते. तीन डाव खेळले तर परीक्षणास जागाच उरत नाही.

पाचवे सूत्र थकव्याचे. रात्रपाळीनंतरचा किंवा दीर्घ प्रवासातील डाव करमणूक म्हणून योग्यच; परंतु त्याच्या निकालावरून स्वतःच्या क्षमतेचा अंदाज बांधणे अयोग्य. हरल्यावर तत्काळ पुढचा डाव मागण्याची ओढ ही या माध्यमाची सर्वांत मोठी मोहिनी आहे, आणि अनुभवी खेळाडूही तिला अपवाद नसतो. पूर्वी पट आवरून घरी जावे लागे. आता पट स्वतःहून आवरला जात नाही.

९. मर्यादा व धोके

ऑनलाइन नोंदीचे लाभ मान्य करूनही काही मर्यादा दुर्लक्षून चालणार नाहीत. संकेतस्थळावरील गुणांकन त्या त्या संकेतस्थळाच्या खेळाडूसमूहापुरते असते. ते फिडेच्या गुणांकनाशी समकक्ष मानता येत नाही. संगणकाची चोरटी मदत घेऊन खेळणाऱ्यांचा प्रश्न सर्वत्र गंभीर आहे. नोंद जशी प्रामाणिक खेळाडूची शिक्षिका ठरते, तशीच ती अप्रामाणिकपणाविरुद्धचा पुरावाही ठरते. कारण चालींची अचूकता व त्यांना लागलेला वेळ यांच्या विसंगतीवरूनच संशयास्पद डाव निवडले जातात.

त्याहून मूलभूत मर्यादा अशी की, नोंद असणे आणि नोंद वाचणे या भिन्न गोष्टी आहेत. हजारो डाव साठविलेले असूनही त्यांपैकी एकही पुन्हा न पाहणारा खेळाडू, नोंद नसलेल्या काळातील खेळाडूपेक्षा पुढे गेला असे म्हणता येत नाही. तसेच प्रदीर्घ डावाशी संबंध पूर्ण तुटल्यास ओळखीच्या साठ्यात नवी भर पडणे थांबते. जलद डाव हा साठा वापरतो, तो वाढविण्याचे काम प्रामुख्याने संथ अभ्यासच करतो. २०२४ मध्ये बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधारपद अभिजित कुंटे यांच्याकडे होते, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे. डावपत्रकांच्या काळात घडलेला ग्रँडमास्टर ऑनलाइन युगात वाढलेल्या खेळाडूंच्या पाठीशी उभा राहिला आणि दोन्ही शिस्ती एकत्र आल्या.

समारोप

बुद्धिबळाच्या इतिहासात दूरस्थ डावास नोंद होती पण वेग नव्हता. जलद डावास वेग होता पण नोंद नव्हती. ऑनलाइन जलद डावात प्रथमच या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. अनुभवी खेळाडूच्या प्रगतीची शक्यता या संयोगात आहे. त्याचा साठा तयार असतो. त्याला आवश्यक असते ती वेळेच्या वापराची नवी शिस्त, आणि ती शिस्त स्वतःच्या नोंदी वाचल्याखेरीज येत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात या निष्कर्षाला सामाजिक परिमाणही आहे. पाळीच्या जीवनाने माणसाचा सलग फावला वेळ हिरावून घेतला आणि त्याचे लहान तुकडे त्याच्या हाती ठेवले. हे तुकडे निव्वळ खर्ची पडावेत की त्यांतून एखादी विद्या जोपासली जावी, हा प्रश्न बुद्धिबळापुरता मर्यादित नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना सामावून घेत, जलद स्पर्धांबरोबरच खेळलेल्या डावांच्या सामूहिक परीक्षणाचा उपक्रम राबविल्यास या तुकड्यांना सातत्याचे रूप येऊ शकेल. नऊ मिनिटांचा डाव नऊ मिनिटांतच संपावा, हे घड्याळाचे काम आहे. त्यातून शिकण्यासाठी लागणारी पुढची दहा मिनिटे खेळाडूने स्वतः राखून ठेवावी लागतात.